मढ: खोलीचा दर नंतर विचारा, भरतीची वेळ आधी

मढच्या मुक्कामाबद्दल कुणी सांगायला लागलं की पोहण्याचा तलाव केवढा आहे, नाश्ता दरात धरलाय का आणि गाणी रात्री किती वाजेपर्यंत लावू देतात, एवढ्यावरच बोलणं संपतं. समुद्र किती वाजता कुठे असतो, हे कुणी सांगत नाही. मी परळच्या मराठी शाळेत भूगोल शिकवला, आता निवृत्त आहे. मला विचाराल तर मढची खोली ठरवण्याआधी भिंतीवरच्या कालनिर्णयवर तिथी बघावी. तिथली फेरीबोट, वाळू, खडक, मासळी, अगदी दुपारच्या ताटात काय येणार तेसुद्धा पाण्यावर ठरतं. पाण्याच्या वेळा जुळवून गेलात तर मुंबईच्या हद्दीत राहण्याजोगी अशी दुसरी जागा नाही, असं मी ठामपणे म्हणेन. न जुळवता गेलात तर गर्दीतून जाऊन गर्दीतून परत याल, आणि मुलांना घेऊन भलत्या वेळी पाण्यात उतराल ते वेगळंच.

हिशोब सोपा आहे. तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पाणी भरलेलं. द्वितीयेला दीड. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. चंद्र रोज उशिरा उगवतो तशी भरती रोज पाऊण तासाहून थोडी पुढे सरकते, म्हणून हे जमतं. अर्ध्या तासाचा फरक धरून चाला. पौर्णिमेला या हिशोबाने सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात पाणी बाराच्या आसपास भरतं. शाळेत हे गणित मुलांना फळ्यावर घालायचे तेव्हा निम्मी झोपलेली असायची. तेच गणित माझ्या पाचवीतल्या नातवाने मढच्या धक्क्यावर उभं राहून केलं आणि समोरचं पाणी बघून स्वतः पडताळलं. त्यासाठी तरी त्याला न्यायचंच होतं मला.

आम्ही माघी पौर्णिमेच्या जवळचे कामाचे वार धरले. त्या दिवसांत पहाटे सहा-साडेसहाला ओहोटी, दुपारी बाराला भरती आणि सूर्य मावळताना पुन्हा ओहोटी. म्हणजे सकाळी होड्या आत येताना बघायच्या, भर दुपारी सावलीत बसून भरलेला समुद्र बघायचा आणि ऊन उतरलं की उघड्या पडलेल्या खडकांवर हिंडायचं. दिवसाची याहून चांगली मांडणी मला सुचत नाही.

मढला बेट म्हणतात खरं, पण नकाशा उघडून बघा. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला मालाडची खाडी, उत्तरेला मनोरीची खाडी, आणि ईशान्येकडून मालवणी-मार्व्याच्या बाजूने जमिनीने मालाडला जोडलेलं. तीन बाजूंनी पाणी आणि चौथीकडे खाजण म्हणजे खाऱ्या पाण्याची दलदल, तिवरं आणि त्यातून गेलेला रस्ता. या एका रस्त्याने मढचं नशीब ठरवलं. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातून समोर मढ दिसतं, मधे फक्त खाडीचं तोंड आहे. पण गाडीने जायचं तर लिंक रोडने मालाड, तिथून मार्वे रोड, मग पुन्हा दक्षिणेकडे खाली असा वीस किलोमीटरच्या वर वळसा. समोरासमोरची दोन गावं, आणि एका गावातून दुसऱ्याकडे चारचाकीने जायला शनिवारी दीड-दोन तास. म्हणूनच मढ इतकी वर्षं मढ राहिलं.

तेव्हा गाडीने जाऊ नका. आम्ही दादरहून अंधेरी, तिथून मेट्रोने वर्सोवा स्टेशन. हे स्टेशन सात बंगल्याजवळ आहे, धक्क्याजवळ नाही, हे लक्षात ठेवा. पुढे शेअर रिक्षाने वर्सोवा गावात. गल्लीतून मासळीच्या वासाच्या दिशेने चालत गेलं की फेरीचा धक्का. तिकीट इतकं स्वस्त की दोन वेळा विचारून घेतलं. होडीत आमच्याबरोबर दोन स्कूटर, शाळेचा गणवेश घातलेल्या मुली, डोक्यावरची पाटी उतरवून बसलेल्या कोळणी आणि एक गृहस्थ गॅसची शेगडी घेऊन. पाच-सात मिनिटांत पलीकडे. या फेरीला मी पूर्ण गुण देईन. चढता-उतरताना कोवळ्या वयाचा पोऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचा हात धरत होता, न सांगता. ह्यांचा गुडघा दुखतो, त्यामुळे मला ते विशेष वाटलं. उणं एवढंच की पाणी फार उतरलेलं असलं की होडी आणि धक्का यांत अंतर पडतं, फळीवरून तोल सांभाळत जावं लागतं. वयस्कर माणसं बरोबर असतील तर ओहोटीची वेळ टाळा. पावसाळ्यात समुद्र खवळला की फेरी बंद असते, तेव्हा मग वळसा आहेच.

या खाडीवर पूल बांधायची महापालिकेची योजना आहे. पर्यटकांना आनंद होईल, पण मला आठवतात त्या शेजारी बसलेल्या बाई. रात्री फेरी थांबल्यावर बाळंतीण न्यायची तर मालाडवरून फिरून न्यावी लागते, असं त्या म्हणाल्या. पूल झाल्यावर मढची शांतता जाईल हे मला दिसतं आणि दुःखही होतं. तरी पूल व्हावा असंच मी म्हणेन. आपल्या शनिवार-रविवारच्या शांततेसाठी एका गावाने रात्रभर अडकून पडावं, हे मागणं बरोबर नाही.

मढच्या धक्क्यावर उतरलं की डाव्या हाताला वलांड्या लागतात. बांबू रोवून त्यांवर आडव्या दोऱ्या बांधलेल्या, एकावर एक, माणसाच्या डोक्याच्या वरपर्यंत, आणि त्यांवर बोंबील. लांबून पांढुरक्या झालरी वाटतात. जवळ गेल्यावर कळतं की एकही बोंबील बांधलेला नाही. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकायची, एक इकडे एक तिकडे. बोंबलाचे दात सुईसारखे बारीक आणि आत वळलेले असतात, त्यामुळे एकदा अडकले की वाऱ्याने सुटत नाहीत. एक म्हातारी बाई हे इतक्या वेगाने करत होती की हात दिसत नव्हते. नातवाने विचारलं तर तिने हात थांबवला, एक बोंबील उचलून त्याचा जबडा बोटाने उघडून दाखवला आणि त्याचं बोट दाताला लावून बघायला सांगितलं. ओला बोंबील म्हणजे बहुतेक पाणीच. थंडीतल्या कोरड्या वाऱ्यात चार-पाच दिवसांत तो सुकतो, कडक होतो, रंगाने पिवळट होतो. ढग आले की सगळा माल धोक्यात. खाली प्लास्टिकच्या जाळीवर जवळा पसरलेला होता, त्यातून निवडून मांदेली बाजूला काढणाऱ्या दोन मुली होत्या. हे बघायला तिकीट नाही, वेळ ठरलेली नाही, कुणी माहिती देणारा नाही. फोटो काढण्याआधी विचारा आणि वलांडीच्या खालून वाकून जाऊ नका, एवढं पथ्य पाळा. तो त्यांचा कारखाना आहे.

बोंबील येतात ते डोलीत. डोल म्हणजे मोठं, निमुळतं होत गेलेलं जाळं, समुद्रात एका जागी पक्कं बांधून ठेवलेलं, तोंड प्रवाहाकडे. कोळी मासळीच्या मागे धावत नाही. भरती-ओहोटीचं पाणीच मासळी आणून जाळ्यात सोडतं. पाण्याचा जोर थांबतो त्या वेळी डोल ओढून घ्यायची. म्हणजे उधाणाच्या दिवसांत, पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, प्रवाह जोरात आणि डोल भरलेली; अष्टमी-नवमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी असतो तेव्हा, पाणी मंद आणि डोलही हलकी. भांगाच्या दिवशी मढला गेलात आणि ताजे बोंबील मिळाले नाहीत, तर स्वयंपाक करणाऱ्या बाईला बोल लावू नका. सकाळी नऊच्या सुमाराला भरतं पाणी धरून होड्या खाडीत शिरायला लागल्या, तेव्हा धक्क्यावर एकदम माणसं आली. पाट्या, बर्फ, ओरडा, भाव. अर्ध्या-पाऊण तासात सगळं उरकलं.

आता राहण्याबद्दल. मढ-अक्सा पट्ट्यात मोठी हॉटेलं आहेत, भाड्याने मिळणारे बंगले आहेत आणि कोळ्यांनी आपल्या घराशेजारी काढलेल्या दोन-चार खोल्या आहेत. मोठ्या हॉटेलांबद्दल मला फार काही सांगायचं नाही. सोय चांगली असते, वातानुकूलित असतं, आणि तशीच खोली मुंबईत कुठेही मिळते. बंगल्याबद्दल मात्र सांगते. नणंदेच्या साठीला आम्ही एका दलालाकडून असा बंगला घेतला होता. फोटोतलं निळं पाणी तिथे हिरवं होतं, टँकर उशिरा आला, आणि निघताना अनामत रकमेतून सफाईच्या नावाखाली पैसे कापले, पावती न देता. बंगला घ्यायचाच असेल तर आधी कुणीतरी जाऊन बघून या, आणि अनामत कशासाठी कापणार ते कागदावर लिहून घ्या.

यंदा आम्ही कोळ्यांच्या खोलीत राहिलो. नाव देत नाही, कारण घरच्या बाईंनीच नको म्हटलं. दोनच खोल्या आहेत आणि ओळखीतून येणारे पाहुणे त्यांना पुरेसे आहेत. गावात उतरून विचारलं तर अशी घरं सापडतात. कौलारू छप्पर, स्वच्छ लादी, दोन लोखंडी खाटा, पंखा, आणि मागच्या दाराने बाहेर आलं की माडांखाली ओटा. शौचालय वेगळं आणि खरोखर स्वच्छ. गरम पाणी बंबातलं, सांगितल्यावर अर्ध्या तासात. नळाचं पाणी किंचित मचूळ लागतं, प्यायला बाटल्या न्या किंवा त्यांच्याकडचं उकळलेलं मागा. रात्री डास आहेत आणि भरपूर आहेत. पूर्वेला सगळी तिवरं आणि खाजण, दुसरं काय होणार? मच्छरदाणी त्यांनी दिली, ओडोमॉस आम्ही नेलं होतं, दोन्ही लागलं. पश्चिमेचा वारा सुटला की डास कमी होतात. रात्री तो पडतो, तेव्हा निजण्याआधीच मच्छरदाणी खोचून घ्या. शेजारच्या लॉनवर एका रात्री हळदीचा कार्यक्रम होता, दहाच्या पुढेही थोडा वेळ चालला. हळद कोळ्यांची, बँजो कोळ्यांचा, ह्यांनी तर ओट्यावर बसून ताल धरला. पण झोप हलकी असेल तर लग्नाचे मुहूर्तही कालनिर्णयवर बघून ठेवा.

जेवणावर मी थांबणार आहे, कारण मढला परत जायचं कारण तेच आहे. दुपारी ताटात तांदळाची भाकरी, तळलेले बोंबील, बोंबलाचं आंबट कालवण, भात आणि कांदा. बोंबील सकाळच्या होडीतले. बाईंनी ते मधून चिरून, काटा काढून, मीठ लावून दोन पाटांच्या मधे ठेवले आणि वर पाण्याची कळशी ठेवली. तासाभरात खाली पाणी साचलं. ते पाणी गेल्याशिवाय बोंबील कुरकुरीत होत नाही, हॉटेलात जो लिबलिबीत मिळतो तो घाईचा बळी असतो. मग त्यांचा घरचा मसाला, हळद, चिंचेचा कोळ, आणि तांदळाच्या पिठात घोळवून लोखंडी तव्यावर, तेल बेताचं. रवा नाही. रव्याने आवाज येतो, चव येत नाही, असं त्या म्हणाल्या आणि मला ते पटलं. बाहेरून कडक आणि आत इतका मऊ की चावावा लागत नाही. कालवणात खोबरं नव्हतं. लसूण ठेचलेली, मसाला, चिंच, वरून कोथिंबीर. रंग लाल भडक पण तिखट जिभेवर रेंगाळत नाही. मसाला दरवर्षी उन्हाळ्यात करतात, मिरच्या उन्हात खडखडीत वाळवून.

रात्री चिंबोऱ्या होत्या, आणि दुसऱ्या दिवशी कालवं. कालवांची गोष्ट पुन्हा पाण्याचीच. ओहोटीला खडक उघडे पडले की गावच्या बाया लहान लोखंडी हत्यार घेऊन जातात, खडकाला चिकटलेला शिंपला टोचून फोडतात आणि आतला जीव डब्यात काढतात. दोन-तीन तास वाकून काम केल्यावर डबा भरतो, तोवर पाणी पायाशी आलेलं असतं. बाईंची जाऊ भल्या पहाटे गेली होती. त्या कालवांचं सुकं कांद्यावर परतलेलं आलं, वाटीभरच. दर विचारून मी चकित झाले नाही. ते काम बघितल्यावर वाटीला जो दर लावतील तो योग्यच. शाकाहारी असाल तर आधी सांगा. वांगं-बटाटा, डाळ, भाकरी मिळेल, चांगलीही असेल, पण मढ तुमच्यासाठी निम्मंच उरतं, हे खरं.

किल्ला बघायला मिळेल या आशेने जाऊ नका. मढच्या दक्षिण टोकाला, खाडीच्या तोंडावर, पोर्तुगिजांनी सतराव्या शतकात बांधलेला हा किल्ला वर्सोव्याचा किल्ला म्हणूनही ओळखला जातो. आज तो हवाई दलाच्या ताब्यात आहे, आत सोडत नाहीत. पण बाहेरून उभं राहिलं तरी तो तिथे का आहे ते कळतं. १५३४ च्या वसईच्या तहाने साष्टी, म्हणजे आजच्या मुंबई उपनगरांचं बेट, पोर्तुगिजांकडे गेली, आणि या खाडीतून आत शिरणारी प्रत्येक होडी या तटाच्या समोरून जायची. चिमाजी आप्पांच्या मोहिमेत १७३९ च्या फेब्रुवारीत मराठ्यांनी हा घेतला. वसई पडली त्याच वर्षी मे महिन्यात. वसईचं नाव सगळ्यांना पाठ आहे, पण वसई एकटी पडावी म्हणून आधी असे किनाऱ्यावरचे किल्ले घ्यावे लागले, हे विसरलं जातं. पुढे १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणं आणि साष्टी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. तट बाहेरून अजून धड दिसतो. पायथ्याला समुद्राच्या कडेला किल्लेश्वर महादेवाचं देऊळ आहे, तिथे कुणीही जाऊ शकतं. महाशिवरात्रीला तिथे मोठी गर्दी असते. आम्ही गेलो तेव्हा भरती होती आणि देवळामागच्या खडकांवर लाटा फुटून पाणी उडत होतं. नातवाला मी खाडीचं तोंड दाखवलं आणि विचारलं, तू किल्लेदार असतास तर तोफ कुठे ठेवली असतीस? त्याने बरोबर जागा दाखवली.

अक्साबद्दल मला स्पष्ट लिहायचं आहे. मढच्या रस्त्यावरचा हा सगळ्यात लांबलचक, सगळ्यात प्रसिद्ध किनारा आणि दरवर्षी तिथे माणसं बुडतात. तिथे जीवरक्षक आहेत, फलक आहेत, तरी बुडतात. याचं एक कारण मला तिथल्या वेळांत दिसतं. लोक सकाळी उशिरा निघतात, जेवतात आणि दोन-तीन वाजता पाण्यात उतरतात. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास बाराला भरती होऊन गेलेली असते, म्हणजे दोन ते पाच हा पाणी सगळ्यात जोरात बाहेर ओढलं जाण्याचा काळ. उधाणाच्या भरतीला मुंबईत पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं, आणि त्यातलं बहुतेक सहा तासांत उतरायचं असतं. पायाखालची वाळू सरकते, घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या पुढच्याच पावलाला खड्डा असतो. आम्ही अक्साला वाळूवर चाललो, पाण्यात गेलो नाही. आमच्या घरच्या बाईंनी निघतानाच बजावलं होतं, ‘आता पोराला पान्यान सोरू नको बाय.’ समुद्रावर जन्म काढलेली बाई हे सांगते तेव्हा ऐकावं. तुमच्या मुलांनी हट्ट केला तरी ऐकू नका. पोहायचंच असेल तर त्या हॉटेलांचे तलाव तेवढ्यासाठी चांगले.

संध्याकाळ एरंगळला घालवा. मढहून रिक्षाने थोडंच अंतर. किनारा छोटा, बाजूला ताडमाड, आणि वाळूला लागूनच सेंट बोनाव्हेंचरचं चर्च, पोर्तुगिजांच्या काळातलं, सोळाव्या शतकातलं. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी इथे एरंगळची जत्रा भरते. ख्रिस्ती, हिंदू, सगळ्या धर्मांची माणसं हजारोंनी येतात. या संताचा दिवस चर्चच्या पंचांगात १५ जुलैला येतो. पण जुलैत इथे धुवाधार पाऊस, खवळलेला समुद्र आणि शाकारलेल्या होड्या, तेव्हा जत्रा जानेवारीत भरते ते सोयीचंच म्हणायचं. जत्रेच्या दिवशी मुक्कामाला जाऊ नका, जत्रेला म्हणून जरूर जा. आमच्या वेळी चर्चच्या अंगणात चारच माणसं होती.

ओहोटी लागली तसे खडक उघडे पडत गेले. खडकातल्या डबक्यांत अडकलेले खेकडे, गोगलगाई, बोटाएवढे मासे. नातू पाऊण तास एका डबक्याशी बसून होता. खडक मुंबईच्या इतर काळ्या खडकांपेक्षा काही ठिकाणी फिकट दिसतो. मग मालाडच्या दगडाची गोष्ट निघाली. फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या भिंती बघितल्यात ना, त्यात कुर्ल्याचा करडा दगड आहे आणि मालाडचा पिवळसर. तो मालाडचा दगडही ज्वालामुखीतूनच आलेला, पण काळ्या बेसॉल्टपेक्षा वेगळ्या रसाचा, म्हणून रंग वेगळा. पुढच्या रविवारी म्यूझियमला जाऊन दगड बघायचे असं ठरलं. मूर्ती नंतर.

वाईट काय, तेही सांगते. मालाडच्या खाडीत शहराचं सांडपाणी येतं आणि ओहोटीला पूर्वेच्या बाजूला ते नाकाला कळतं. किनाऱ्यावर प्लास्टिक आहे, आणि त्यातलं बरंचसं तिथल्या लोकांनी टाकलेलं नाही, ते भरतीबरोबर येतं. सकाळी डोल उपसताना मासळीतून प्लास्टिकच्या पिशव्या वेचून काढताना मी बघितलं. वेचणारा मुलगा काही बोलत नव्हता, वेचत होता. रविवारी मार्वे रोडवर गाड्यांची रांग लागते. रिक्षावाले संध्याकाळी सहानंतर मीटरने यायला कुरकुरतात. एटीएमचा भरवसा नाही. फोनवरून पैसे सगळीकडे चालतात, तरी थोडी रोकड जवळ असू द्या. मनोरीला जायचं असेल तर मढहून मार्वे आणि तिथून पुन्हा फेरी. तो वेगळा दिवस ठेवा, एकातच कोंबू नका.

कधी जावं? १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या मासळीसाठी जाण्यात अर्थ नाही. हिरवा डोंगर आणि पाऊस बघायला जायचं तर ते वेगळं, आणि मग सुक्या बोंबलाची चटणी आणि भाकरी हेच खरं जेवण. नारळी पौर्णिमेनंतर होड्या बाहेर पडतात, पण वलांड्या भरलेल्या बघायच्या तर पाऊस पूर्ण सरल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यातही पौर्णिमा किंवा अमावास्या धरून, सोमवार ते गुरुवार. गुरुवार पाळणारे असाल तर बुधवारपर्यंतच.

परतताना आम्ही फेरी न घेता मढ धक्क्यावरून २७१ नंबरची बेस्ट पकडली, ती मालाड स्टेशनला सोडते. धक्क्यावरच सुटते, त्यामुळे बसायला जागा मिळते. डाव्या बाजूच्या खिडकीत बसा, समुद्र त्या बाजूला आहे. सुके बोंबील घेतले असतील तर कागदात गुंडाळून, वर दोन पिशव्या बांधून, पायाशी ठेवा; आणि दुपारी तीनच्या आत निघा, नाहीतर मार्वे रोडवर शाळा सुटलेल्या असतात.